बाबांच्या चिठ्ठीतली स्तोत्रं

शनिवार, ६ सप्टेंबर १९५८

आज चौथ्यांदा विचारलं बाबांनी — "तिना, उद्या कितवा रविवार?"

पस्तिसावा! चर्चमध्ये दुपारच्या उपासनेत धर्मशिकवणीच्या प्रश्नोत्तरीचा पस्तिसावा भाग, मूर्ती करू नयेत तो. बावन्न भाग, बावन्न रविवार, एकामागून एक. एकोणतीस वर्षं या गावाला हेच शिकवलं त्यांनी. सगळं गाव त्यांना डोमिने, म्हणजे पाळकसाहेब म्हणतं, रस्त्यात टोप्या काढतं. आणि ताकाची पेज खाता खाता ते मला विचारताहेत, कितवा!

मी खेकसले. मग वाईट वाटलं. मग चिठ्ठी लिहायला बसले.

फेब्रुवारीपासून स्तोत्रांची चिठ्ठी मीच लिहिते, बाबांच्या अक्षरात. शनिवारी ती हार्म मास्तरांकडे जाते. ते ऑर्गन वाजवतात, आकडे फळ्यावर लावतात. बाईमाणसाने मंडळीची स्तोत्रं निवडली हे कळलं तर चर्चच्या पंचांना घेरीच येईल. पण इलाज काय? बाबांच्या डोक्यातून उपदेश निसटतो, स्तोत्रं निसटत नाहीत. दीडशेच्या दीडशे पाठ. लहानपणी दर सोमवारी शाळेत एक कडवं म्हणून दाखवावं लागायचं, ते हाडात मुरलंय. तेव्हा उपदेशाआधी स्तोत्रच असं ठेवायचं की गाता गाता त्यांना त्या दिवसाची शिकवण सापडावी.

उद्या ११५. तोंड असून न बोलणाऱ्या मूर्ती. याहून उघड काय सांगायचं!

रविवार, ७ सप्टेंबर

सापडली! दुसऱ्या कडव्याला मान वर झाली, डोळे लखलखले. चाळीस मिनिटं बोलले, हातात कागद नाही. मी बाकावर बसून घामाने भिजले होते.

देवा, ही फसवणूक असेल तर माझ्या नावावर मांड, त्यांच्या नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

पंच रूलोफ कोर्त अंडी घेऊन आले. लाकडी बूट दाराशी काढले, म्हणजे मुक्काम लांबणार.

"डोमिने बरे आहेत ना, यान्तिनाबाई?"

"का? ठणठणीत आहेत."

"नाही, परवा मला माझ्या बापाच्या नावानं हाक मारली. बाप जाऊन बारा वर्षं झाली."

"तुम्ही दिसताच तसे."

हसले. पण कॉफीचा कप खाली ठेवून म्हणाले, "रस्त्यात काय, चालायचंच. व्यासपीठावर चुकले तर मात्र आम्हाला बघावं लागेल. मंडळीला शिकवण चोख मिळायला हवी."

अंडी घेतली. दोन तडकलेली निघाली.

व्यासपीठ गेलं तर बाबांचं काय उरेल? आई गेली तेव्हासुद्धा रविवारी दोनदा वर चढले होते. आठवड्याचे सहा दिवस हा माणूस जिन्यावर वाट हरवतो. सातव्या दिवशी त्या बारा पायऱ्या चढतो आणि पुन्हा माझा बाप होतो. हे काढून घेतलं तर मी कुणाची सेवा करू, एका म्हाताऱ्या पाहुण्याची?

रविवार, १४ सप्टेंबर

छत्तिसावा. देवाचं नाव. ९९ गायलो. ठीक झालं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

पाच दिवस ताप. परवाचा रविवार अंथरुणातच गेला. पाळकांची अदलाबदल होती — बाबा पलीकडच्या गावात, तिथले पाळक आपल्याकडे. चिठ्ठी मी तापातही धाडली होती. सदतिसावा भाग, शपथ. त्याला १५, दिलेला शब्द नुकसान झालं तरी न मोडणाऱ्या माणसाचं. छान जुळलं. आज थोडं सूप प्यायले.

शनिवार, २७ सप्टेंबर

बाबा सकाळीच आपणहून म्हणाले, "उद्या शपथेचा भाग. सदतिसावा."

"तो झाला बाबा. पाहुण्यांनी घेतला गेल्या रविवारी. उद्या अडतिसावा, शब्बाथ."

"मला वाटतं, व्हायचाय अजून."

"बाबा! कितवा रविवार हे कोण लक्षात ठेवतं या घरात?"

जरा जोरातच बोलले मी. ते खिडकीतून गायींकडे बघत राहिले.

"असं? मग माझंच चुकलं असेल."

उद्यासाठी ९२. शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवसाचंच स्तोत्र आहे ते, मथळ्यातच लिहिलंय. यात चुकायला जागाच नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

लिहवत नाही. तरी लिहिते.

९२ गाऊन झालं. सगळे बसले. नेहमीप्रमाणे पेपरमिंटच्या पुड्या निघाल्या. बाबांनी व्यासपीठाच्या कठड्यावर हात ठेवले आणि म्हणाले, "शपथ —"

थांबले. फळ्याकडे पाहिलं. पुन्हा पुस्तकाकडे. पुन्हा फळ्याकडे. कुणी पेपरमिंट चघळेना. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थेट, भर मंडळीत. मी ९२ उघडून त्यावर बोट ठेवलं. एवढंच करता आलं मला.

"मंडळी, माझं चुकलं," म्हणाले. "आजचा विषय शब्बाथ."

वीस मिनिटं बोलले. तेही चाचपडत. कोर्त खाली बघून टोपीची कड चाचपत होते.

घरी येताना बाबांनी माझा हात धरला होता. मी मनात म्हणत होते, का नाही ऐकलंत माझं, का नाही ऐकलंत!

सोमवार, २९ सप्टेंबर

कुणी आलं नाही. दूधवालाही दारात थांबला नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

एकोणचाळिसावा. आईबापांचा मान. ७८ दिलं, बापांनी मुलांना सांगावं ते. बाबा उत्तम बोलले, जुन्यासारखे. आईबापांच्या उणिवा धीरानं सोसाव्यात हे वाक्य आलं तेव्हा माझे डोळे भरले. गेले आठ महिने मी दुसरं काय करतेय? आज पहिल्यांदा स्वतःची थोडी शाबासकी वाटली.

कदाचित निभावेल.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

नाही निभावलं.

कोर्त आणि हार्म मास्तर आले (मास्तरही पंच आहेत), दोघंही काळ्या कोटात. अभ्यासिकेचं दार लावून घेतलं. मी कॉफी नेली तेव्हा सगळे गप्प झाले. तासाभराने गेले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाबा स्वयंपाकघरात येऊन बसले. "झालं, तिना. नाताळपर्यंत. निवृत्तीच्या पत्रावर सही केली."

"काय म्हणाले ते? कशावरून?"

"चुकलो ना मी. सगळ्यांनी पाहिलं."

"एकदा! एकदाच चुकलात. मी जाते त्या कोर्तकडे —"

"नको." इतकं ठाम कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. "चूक झाली, कबूल केली, संपलं. बटाटे करपताहेत बघ."

खरंच करपले होते. मी चुलीकडे तोंड करून रडले. रागच जास्त होता. कोर्तचा, मास्तरांचा. आणि हो, बाबांचाही. एक आकडा लक्षात राहिला असता तर!

शनिवार, ११ ऑक्टोबर

चिठ्ठी द्यायला गेले. हार्म मास्तरांनी एक जुनी चिठ्ठी समोर धरली. माझीच, तापातली. १५ वर काट मारलेली.

"त्या दिवशी पाहुण्यांनी प्रश्नोत्तरी घेतलीच नव्हती. शुभवर्तमानावर बोलले, स्तोत्रंही बदलली. शपथेचा भाग राहिला तो राहिलाच. कोर्तनी परवा तेच धरलं — डोमिनेंनी एक रविवार गाळला, असं या मंडळीत कधी झालं नाही."

"आणि बाबा?"

"ते म्हणाले, आकडे मीच दिले होते, चूक माझी." मास्तरांनी चिठ्ठीची घडी केली. "शाळेत तुझं अक्षर मी वळवलंय, तिना, मला ते ओळखू येतं. मीही गप्प बसलो."

घरी आले. बाबांपुढे गुडघे टेकले. म्हटलं, तुम्ही बरोबर होतात. मी चुकले होते. का नाही सांगितलंत त्यांना?

"कशाबद्दल गं?" म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी किती वेळ त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले. खरंच विसरलेत, की अजून मला झाकताहेत? कळलं नाही.