बूट आता चावत नाहीत

४ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, सोबतचा उपदेशही पोचला. पन्नाशी उलटली तरी तुझ्या लेखी मी अजून शाळेतच आहे. असो. इकडे सगळे मजेत. वखारीत काम भरपूर आहे, करवतीचा आवाज घरी आलो तरी कानात असतो.

आता बुटांची बातमी, हसू नकोस. हे बूट पहिली काही वर्षं मला नुसते चावले. टाचेला फोड, करंगळीला घट्टा. तेल चोळलं, कागदाचे बोळे कोंबले, दोनदा तळ बदलून घेतले. ओंडके ढकलून ढकलून पुढचं चामडं पांढरं पडलंय, घोट्यापाशी सुरकुत्या आल्यात, डावी टाच झिजून तिरकी झालीये. तुझी वहिनी म्हणते फेकून द्या. पण गेल्या काही महिन्यांत ते एकदम वठणीवर आलेत! जराही चावत नाहीत. दिवसभर उभा असतो, पण पायाखाली कापूस असावा तसं वाटतं. आता फेकतो कसला!

लोभ आहेच, उपदेश जरा कमी चालेल.
तुझा धाकटा

१० डिसेंबर

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्यापुरतंच आहे, त्याला दाखवू नकोस. त्याचं बूटपुराण वाचून मी आधी खूप हसले. कापसापाशी आले आणि तीच ओळ पुन्हा वाचली. बाबा अगदी हेच म्हणायचे. तो तेव्हा रांगत होता, त्याला कुठून आठवणार? साखरेच्या आजाराने बाबांच्या पायांतली जाणीवच गेली होती. चपलेत खडा शिरला, जखम झाली, चिघळली, त्यांना पत्ता नाही. शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

माझं चुकत असेल तर देवच पावला म्हणायचं. एवढं कर. तो कामावरून आला की बुटांत हात घालून बघ आणि त्याचे तळपाय उजेडात नीट बघ. जीव टांगणीला लागलाय, उलट टपाली लिही.

मायेने,
तुझी नणंद

१६ डिसेंबर

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि सांगितलंत तसं केलं. हे आले, बूट काढून खुर्चीत बसले. मी डाव्या बुटात हात घातला आणि बोटाला कचकन टोचलं. टाच इतकी झिजलीये की तिचा खिळा आत वर आलाय. अस्तर ओलं आणि काळं. मोजा ओढला तर तो जखमेला चिकटलेला. मी किंचाळले, आणि हे मलाच विचारतात, काय झालं?

मग त्यांना डोळे मिटायला लावून दुसऱ्या पायाला सुई टोचली. कधी टोचतेस, म्हणाले. टोचून झालं होतं. ते सांगितल्यावर हसले आणि माझ्या हातातून सुई काढून घेतली. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतात. म्हणतात, बाबा तिथे चालत गेले आणि कुबड्यांवर परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी खिळा ठोकून सपाट केला, जखमेला फडकं बांधलं आणि तेच बूट घालून कामावर गेले. आज अंगात ताप आहे, तरी गेलेच. वन्सं, मला फार भीती वाटते. ते ऐकले तर तुमचंच ऐकतील.

लोभ नेहमीचाच आहे, आता जरा धाक दाखवा.
आपली वहिनी

२० डिसेंबर

चि. भाऊ,

आशीर्वाद नंतर. बाबा दवाखान्यात चालत गेले हे तुला कोणी सांगितलं? त्यांना चौघांनी उचलून नेलं. त्याआधी दोन महिने ते काही झालं नाही म्हणून आम्हाला सांगत होते आणि आईने हात लावला तर ओरडत होते. पाय दवाखान्याने नेला नाही, त्या दोन महिन्यांनी नेला. हे पत्र वाचशील तेव्हा असशील तसा निघ. वहिनीला त्रास देऊ नकोस.

ताई

२७ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वखारीतच हातात पडलं. असशील तसा निघ म्हणालीस, तसाच निघालो. अंगावर भुसा होता, डॉक्टरीणबाई आधी त्यावरूनच रागावल्या.

त्यांनी टाच कापून साफ केली. भूल द्यावीच लागली नाही. मी मान उचलून सगळं बघत होतो. मांस माझं आणि मला काहीच होत नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा नुसती पट्टी बदलताना बोंबलतो, त्याचा मला हेवा वाटतो. बूट तुझ्या वहिनीने फेकले. चावायचे तेव्हा मी त्यांना शिव्या घालायचो. तेव्हा पाय माझे होते.

घाण हाडापर्यंत गेलीये का, ते सोमवारी कळणार. गेली असेल तर पाय घोट्याच्या वरून काढतील. तुझ्या वहिनीसमोर मी थट्टा करत बसतो, ती हसत नाही. तुला खरं सांगतो, मी फार घाबरलोय. बाबाही घाबरले असतील, ते कोणाला बोलले नाहीत.

पत्रातला लोभ आता पुरत नाही. सोमवारच्या आत ये.

तुझा धाकटा