खाल्लं नाही, घेतलं

ति. मोहनमामा,

पाया पडतो. चिखल्याला सगळे खुशाल आहेत आणि मामींचा गुडघा वळणावर आला आहे, असं धरून चालतो. इथे बाबांचा हर्निया सोडला तर सगळे मजेत आहेत. खरं तर बाबाही मजेत आहेत. मजेत नाही तो मी एकटाच.

ऑपरेशनाआधी रक्त तपासायचं, उपाशीपोटी यायचं, असं डहाणूच्या लॅबमधल्या सुषमाताईंनी कागदावर लिहून दिलं. (त्यातला ‘शी’ ऱ्हस्व होता. मी पेनाने दीर्घ केला. तेव्हापासून त्या मला ‘मास्तर’ म्हणतात. माझी शाळा नववीत सुटली, हे मी बोललेलो नाही.) पहिल्या खेपेला तलासरीहून निघतानाच बाबांनी कपभर गोड चहा मारला. मी ओरडलो, तर म्हणाले, “चहा खातात काय रे?” दुसऱ्या खेपेला मी घरात चूल पेटू दिली नाही. तर विवळवेढ्याला गाडी थांबल्यावर ‘महालक्ष्मीला हात जोडून येतो’ म्हणून उतरले आणि गालात पेढा घेऊन परतले. प्रसाद खात नाहीत म्हणे, घेतात. (नाकारला तर देवी कोपते, आणि कोपली तर माझ्यावर.) तिसऱ्या खेपेला मी त्यांचा हात धरून थेट लॅबच्या दारात नेलं, आणि नाव सांगायला क्षणभर आत गेलो.

“काका, काय खाल्लंय?” सुषमाताईंनी विचारलं.

“नाय बाय.”

“मग मिशीला हे काय?”

चिकू होता. बाहेरच्या टोपलीतला. “चाखला नुसता. चाखल्याशिवाय कोण विकत घेतो?”

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी ह्यांना मुसकं बांधून आणा.”

भातलावणीआधी ऑपरेशन झालं नाही आणि बाबांनी ओझं उचललं, तर आतडं अडकून जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणतात. मी हे सांगितलं की बाबा शांतपणे तंबाखू मळतात. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
हिरू

ता. क. बाबांना उपाशी म्हणजे काय ते कळत नाही, असं मला वाटायचं. पण महाशिवरात्रीला हेच बाबा पाण्याचा थेंब घेत नाहीत. काल आईने खोदून विचारलं, तेव्हा बोलले : “भूल दिली तवा मोहन यमाच्या ओट्यावर जाऊन बसलेला. मला नाय जायचं.” तुमच्या अपेंडिक्सची ही गोष्ट तुम्हीच आमच्याकडे रंगवून सांगितली होती, रेड्याच्या गळ्यातल्या घुंगरांसकट. तरी सोमवारी या आणि ती थाप होती असं त्यांना सांगा.

पुन्हा ता. क. थाप नसेल, तरीही हेच सांगा. आणि खरं काय ते मला कळवू नका. ऑपरेशनाच्या कागदावर सही मला करायची आहे.