ट्रेलरमधला ओटा

करुणा,

तू उठायच्या आत मी आखाडा बाळापूरला निघालो. गाडीमागं जोडून फिरायला न्यायच्या आपल्या ट्रेलरमधी मुंजाजी वेल्डर आज नऊ वाजता स्वैपाकाच्या ओट्याचे लोखंडी अँगल जोडणार हाय. तो फोन उचलून न्हाई राहिला, म्हणून त्याच्या आधी पोचायला पायजे.

काल मी तुला ओट्याचं चित्र दाखवलं, तवा तू म्हणलीस, "चूल संगंच येऊन राहिली, तर मी फिरायला चालले कुठं?" मी चिडलो न् भरल्या ताटावरून उठलो. माझं चुकलं. माझ्या आईच्या आजारपणात सहा वर्षं तू एका दिवसासाठीबी माहेरी गेली न्हाईस, हे मला आज पहाटं जाग आल्यावर आठवलं.

ओटा करायचा न्हाई. त्या जागी तुझ्या उशापाशी मोठी खिडकी करायला सांगतो. जेवायला रस्त्यानं ढाबे हायेतच. चहापुरती लहान शेगडी मागच्या पेटीत ठेवू. चहा मी करीन.

तू चहात साखर किती घेतेस, तेवढं याच कागदावर लिहून ठेव. एवढ्या वर्षांत मी कधी विचारलंच न्हाई.

रत्नपाल