पिणाऱ्याच्या यकृताबाबत

मी, हर्षल महादेवराव उमाळे, वय सव्वीस, धंदा मधमाश्यांच्या पेट्या फिरवणे, राहणार मूळचा वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, बाकी वर्षभर जिथं फुलोरा तिथं, असं लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकानं किंवा भरीस पडून करत नाही. उलट सगळे नको नकोच म्हणून राह्यले. मी पूर्ण शुद्धीवर आहे. हे वाक्य मसुद्यात असतंच, असं माझा मित्र संघपाल म्हणाला. तो खामगावला वकिलाच्या हाताखाली आहे. पण आमच्या घरात हे वाक्य मला कोणी फुकट देत नाही, म्हणून खुलासा करतो की दिवाळीपासून मी थेंब घेतलेला नाही आणि दवाखान्यानं रक्त काढून तशी खात्री केली आहे.

कारण असं की परवा माझ्या यकृताचा, म्हणजे लिव्हरचा, मोठा हिस्सा कापून माझे थोरले बंधू वैजनाथ यांच्या पोटात बसवायचं ठरलं आहे. ठरलं आहे म्हणजे डॉक्टरांचं, आईचं, शैलजावहिनीचं आणि माझं. भाऊनं अजून सही केलेली नाही. त्याच्या सहीवाचून काही होत नाही, आणि डॉक्टर म्हणतात आता थांबायला जागा उरलेली नाही. मी टेबलावरून उठलो नाही तर माझ्या वस्तूंचं काय, हे लिहून ठेवणं आहेच. पण खरं सांगायचं तर हा कागद आधी भाऊनं वाचावा. तोंडी बोलायला गेलो की दुसऱ्या वाक्याला आमचं भांडण लागते.

कलम १. बीबी गावात कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटांवर माझ्या पेट्या सध्या लावलेल्या आहेत. कांद्याचे गोंडे फुलले की माशीवाचून बी भरत नाही, म्हणून शेतकरी पेट्या मागवतात. फुलोरा सरला की मी त्या उचलून पुढं जातो. या पेट्या, धुराचा डबा, जाळीची टोपी आणि मध काढायचं यंत्र शैलजावहिनीला द्यावं. घरात माशीला न भिणारी ती एकटी आहे. अट एकच. पेटी उघडायची तर आदल्या सांजेपासून दारू वर्ज्य. माशीला तो वास खपत नाही, अंगावर येते. संघपाल म्हणाला, वहिनी कुठं पितात, त्यांना ही अट कायले. पण उद्या तिनं गडी ठेवला तर? अट राहू द्यावी. आणि मला दारुड्या म्हणणाऱ्या गावानं जरा डोकं चालवावं की फुलोऱ्याच्या दिवसांत माझी कोणती ना कोणती पेटी रोज उघडावी लागते.

कलम २. वरवट बकालच्या घरातला माझा हिस्सा आई कौशल्याबाई हिला. भाऊला दिला असता, पण तो तिथं सप्त्याच्या मंडळाची पातेली भरून ठेवील आणि आईला ओसरीत निजावं लागेल. मोटारसायकल संघपालला देणार होतो. तो म्हणाला, मी साक्षीदार आहे, मले काही देऊ नको, लोक शंका घेतीन. म्हणून ती माझी पुतणी अपेक्षा हिला, ती सज्ञान झाल्यावर. किल्ली मात्र तोवर आईकडे राहावी, कारण भाऊ ती मंडळाच्या कोणालाही देतो आणि ती पेट्रोल संपवून परत येते. हे मागं झालेलं आहे. त्यावर वेगळं कलम करणार होतो, पण मुद्दा राहतो.

कलम ३. पिण्याबाबत. यात मालमत्ता काही नाही, पण गावात माझ्या नावावर हाच एक सातबारा चढलेला आहे.

इथल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, किती पिता? मी गडबडलो. हा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. घरी विचारतात ते, पिऊन आला का. मग त्यांना सांगितलं ते इथंही लिहितो. उन्हाळ्यात पेट्या टेम्पोत चढवून झाल्या की बिअरची एक बाटली, तीही टेम्पोवाल्या शालिग्रामसोबत वाटून, आणि थंडगार असेल तरच. कोमट बिअर म्हणजे पैसे देऊन घेतलेली शिक्षा. देशी मला चालत नाही, डोकं दुखते. वरातीत व्हिस्की मिळते, पण ती दुसरे ओततात आणि ओतणाऱ्याचा हात माझा नसतो, म्हणून मी ग्लास धरून नुसता नाचतो. आवडीची म्हणाल तर एकच, मोहाची, सातपुड्याच्या पायथ्याशी, सोजराबाईच्या अंगणात, मोह फुलला की. तिच्या शेजारच्या रानात माझ्या पेट्या असतात. सोजराबाई आधी चार थेंब जमिनीला देते, मग पानाचा द्रोण भरून मला. एकदा मी दुसरा द्रोण पुढं केला. तिनं मडक्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "एवढं वेचाले माही सकाळ गेली. तू माही सकाळ पिऊन राह्यला. पुरे."

तेव्हापासून बेतानं म्हणजे किती, याचा मी विचार करतो. डॉक्टरबाईंचं माप मिलिलिटरमध्ये आहे. आईचं माप म्हणजे वास आला नाही पाहिजे. आमच्या मामाचं माप म्हणजे बिल कोण देते. भाऊचं माप शून्य, म्हणजे त्याला मापच लागत नाही, आणि ज्याला लागत नाही तोच सगळ्यांना मापं सांगतो. माझं माप असं की अर्धी उरलेली बाटली दुसऱ्याच्या हातात देताना जीव हळहळला नाही पाहिजे. हळहळला की समजावं, आपलं माप गेलं. याहून शहाणं कोणाकडे असेल तर त्यानं सांगावं, पण कीर्तनाच्या आवाजात सांगू नये.

कलम ४. जुनी उणीदुणी. पोळ्याच्या सुमारास भाऊचे डोळे पिवळे झाले. मी पेट्यांच्या मुक्कामावरून फोनवर सांगितलं, खामगावच्या डॉक्टरला दाखवा. पण आमच्याकडे कावीळ दाखवत नाहीत, उतरवतात. शेजारच्या गावात एक जण आहे. तो रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यानं धुतो, परातीतलं पाणी पिवळं होते, आणि सगळे म्हणतात, पाहा, निघाली. दर रविवारी निघत होती. परातीतलं पाणी पिवळं झालं हे सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं, भाऊचे डोळे पांढरे झाले नाहीत हे कोणी पाहिलं नाही. आईनं नाही, मंडळानं नाही, खुद्द भाऊनं नाही. त्या उतरवणाऱ्या माणसाला माझ्या मालमत्तेतून चुन्याची एक डबी द्यावी, बाकी काही नाही.

माझे मामा राजकुमार यांना माझे आणि भाऊचे, दोघांचेही तपासणीचे कागद द्यावेत. ते नागपूरला भेटायला आले आणि वॉर्डाबाहेर चार पाहुण्यांत म्हणाले, "लिव्हर जाते ते पिणाऱ्याचं जाते बाप्पा. वैजनाथ माळकरी होता, पण वरतून. आतलं कोणाले माहीत?" आत पडद्यामागं भाऊ जागा होता. भाऊची कावीळ रक्तातून शिरलेल्या विषाणूनं आलेली आहे, बाटलीतून नाही, हे कागदावर स्पष्ट आहे. आणि गंमत अशी की शाळेपासून तुळशीची माळ घातलेल्या, कांदा न खाणाऱ्या माणसाचं लिव्हर गेलं आणि माझं स्वच्छ निघालं. मामानं दोन्ही कागद चष्मा लावून वाचावेत. गावात आता हेच चाललं आहे, वैजनाथ चोरून प्यायचा. मी उघड पितो तर माझं कोणाला आश्चर्य नाही, आणि जो कधी प्यायला नाही त्याच्या तोंडाचा वास घ्यायला लोक दवाखान्यात येऊन राह्यले.

कलम ५. हे कलम भाऊसाठी आहे. वहिनी, तो डोळे मिटून पडला असेल तर मोठ्यानं वाचून दाखव.

मामा गेले त्या दिवशी भाऊनं भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी मला बोलावून म्हणाला, "हर्षल्या, तू माळ घाल. महाराजाले इथंच बोलावू. सगळ्यांसमोर सांग, या जन्मी पिणार नाही. मंग मी सही करतो."

"अन् नाही घातली तं?"

"तं लोक म्हणतीन, बेवड्याचं बेवड्याले बसलं."

मी म्हणालो, डॉक्टर सांगतील तितके महिने, तितकी वर्षं मी घेणार नाही. पण जन्माची शपथ माळेवर घेता येत नाही, कारण सोजराबाईनं कधीतरी द्रोण पुढं केला तर मी नाही म्हणेन असं मला वाटत नाही. "तुले खोटी माळ पाहिजे का खरं लिव्हर?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "मले दोन्ही खरे पाहिजेत." पुढं आवाज चढले आणि सिस्टरनं मला बाहेर काढलं. त्यातच सिस्टरनं त्याला सांगितलं की ऑपरेशनला गळ्यात काही चालत नाही, माळसुद्धा. तो म्हणाला, माळ निघते ती माणूस गेल्यावर. आई म्हणाली, मी हातात धरून बाहेर बसते, खाली ठेवणार नाही. त्यावर त्यानं माळ मुठीत धरली. म्हणजे मी माळ घालायची आणि त्यानं काढायची नाही, या दोन गोष्टींपायी एक जिवंत माणूस हातचा चालला आहे. याला काय म्हणावं ते मला सुचत नाही, आणि मला सहसा सुचते.

भाऊ, नववीत मी शाळा सोडून पळालो होतो. तू मला शेगावच्या स्टँडावर शोधून काढलं. काऊन पळाला, हे विचारलं नाही. कचोरी खाऊ घातली आणि घरी आईला सांगितलं, हा माझ्यासोबत होता. माळ गळ्यात असताना तू माझ्यासाठी खोटं बोलला. म्हणशील, मग तू माझ्यासाठी एक खोटं बोल की. पण तू बोलला ते मला वाचवायला. मी माळ घालीन ते मामाला ऐकवायला. मामासाठी मी माळेवर खोटं बोलणार नाही. तुझ्या माळेची मला तेवढी चाड आहे.

खरं आहे ते लिहून देतो. मी पितो. लपवून प्यायलो नाही. सप्त्यात, तुझ्या उंबऱ्याच्या आत, आईसमोर कधीच नाही. माझ्या लिव्हरचा जो हिस्सा तुझ्या पोटात जाईल तो तुझा. त्याला पहाटे उठव, हरिपाठ ऐकव, एकादशी धरायला लाव, माझी काही हरकत नाही. त्याच्यावर माझा आणि माझ्या सवयींचा हक्क त्याच घडीला संपतो. जो हिस्सा माझ्याकडे राहील त्याच्यावर तुझी माळ चालणार नाही. संघपाल म्हणतो, हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, हे जिवंतपणीचं दान आहे. बसत नसलं तरी राहू द्यावं.

कलम ६. मी परत आलो नाही तर कोणी म्हणू नये की हर्षल पिण्यानं गेला. भाऊनं स्वतःला दोष लावून घेऊ नये. दशक्रियेला कावळा शिवत नाही म्हणून पिंडाजवळ क्वार्टर ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती माझ्या बाबतीत पाळू नये. उशीर झाला तर कावळ्याची वाट पाहावी. भाऊनं त्या दिवशी सगळ्यांत आधी जेवावं, कारण तेव्हा तो माझ्याही वाटचं जेवणार आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि खाडाखोड आहे ती माझीच आहे.

ठिकाण : नागपूर, दवाखान्याच्या फाटकासमोरचा बाक
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

सही : हर्षल महादेवराव उमाळे

साक्षीदार :
१. संघपाल दामोदर तायडे, खामगाव
२. शालिग्राम नारायण खोंड, टेम्पोचालक, संग्रामपूर

खाली लिहिलेलं साक्षीदार म्हणून नाही :
वाचलं. शैलजानं दोनदा वाचून दाखवलं. डॉक्टरच्या कागदावर सही केली. माळ आईच्या हातात दिली. कलम ६ मले मान्य नाही. मामाले फोन लावून सांगतलं, हाव, पिणाऱ्याचंच घेऊन राह्यलो, काही म्हणणं आहे का.
वैजनाथ महादेवराव उमाळे