फळ्यापाशी थांबलेल्या अस्मिताबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापक तथा अध्यक्ष, तुकडी वाटप समिती,
संगमनाथ ग्रामीण विद्यालय, बोरकुंडी,
ता. उमरगा, जि. धाराशिव.

अर्जदार : कु. चैताली बुद्धघोष सोनकांबळे, इयत्ता नववी, तुकडी 'अ' (सेमी इंग्रजी).

विषय : इयत्ता नववी, तुकडी 'ब' मधील कु. अस्मिता माणिकप्पा हिची इंग्रजीची तोंडी परीक्षा पुन्हा घेणेबाबत, व तोपर्यंत तिचा शाळा सोडल्याचा दाखला न देणेबाबत.

संदर्भ : सूचना फलकावर लागलेली नववीची तुकडीवार यादी, शेरा रकान्यासह.

महोदय,

इंग्रजीतला 'कॅनॉट' जोडून लिहायचा की तोडून, हे आपणांस पाठ आहे का? की आपणही शाळेत असताना शेजारच्याचं बघून लिहीत होता?

हा प्रश्न माझा नाही. वृषाली आणि बाकीच्या मैत्रिणींनी पैज लावली. "आता लई बोलायला लागलीस ना? मग अर्जाची पहिली ओळ हीच लिही. न्हाय लिहिलीस तर तुझं सगळं बोलणं फुकटचं." म्हणून लिहिला. आगाऊपणाबद्दल क्षमा असावी. पण लिहून झाल्यावर खोडावासा वाटला नाही, कारण माझी तक्रार ह्याच शब्दापासून सुरू होते. तरी खालील मजकूर शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

१. मागील वर्षी चंद्रप्रभा मॅडमनी आमचं इंग्रजी हाती घेतलं तेव्हा नकाराची वाक्यं म्हणजे आमच्या वर्गाचा नुसता बाजार होता. काहीजण 'डू' आणि 'नॉट' एकमेकांना चिकटवून टाकायचे. उरलेले 'कॅन' आणि 'नॉट' यांच्यामध्ये एवढी जागा सोडायचे की मधून हायवेवरचा ट्रक जावा. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि आम्हाला पटांगणात काढलं. प्रत्येकाच्या गळ्यात एक पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर एक शब्द. वर्षभर तो शब्द तुमचा. शौनक 'विल', वृषाली 'डू', बसवराज 'ओन्ली', अस्मिता 'कॅन' आणि मी 'नॉट'.

नियम असा होता की 'डू', 'विल' वगैरे मंडळींच्या शेजारी मी हातभर अंतर सोडून उभं राहायचं. फक्त 'कॅन'च्या शेजारी गेले की हात धरायचा आणि खांद्याला खांदा लावायचा, मधून वारा जाता कामा नये. एक वाक्य मात्र वेगळं होतं, 'तिला नुसतं गाताच येतं असं नाही, तर नाचताही येतं' अशा धर्तीचं. त्यात 'नॉट' हा 'ओन्ली'चा असतो, म्हणून मी अस्मिताचा हात सोडून बसवराजकडं सरकायचं. त्या वाक्याला अस्मिता दर वेळी म्हणायची, "मॅडम, हे न्हाय आवडत मला. दुसरं द्या की." सगळा वर्ग हसायचा. मॅडमसुद्धा.

पाऊसकाळात पटांगणात चिखल झाला तेव्हा हाच खेळ फळ्यावर आला. ज्याचं नाव घेतलं त्यानं जायचं, आपला शब्द लिहायचा आणि खडूसकट हात पुढं करायचा. पुढच्या शब्दवाल्यानं उठून जायचं, तो खडू घ्यायचा आणि आपला शब्द लिहायचा. वाक्य आमच्या वर्गात कधी एकट्यानं लिहिलंच नाही कुणी. ही पद्धत आपण स्वतः खिडकीतून पाहिली आहे आणि "वा, छान" असं म्हणालाही आहात. सबब ती आपणांस अपरिचित नाही.

२. आता माझ्याबद्दल. सातवीपर्यंत मी हजेरीला 'हजर' सुद्धा म्हणत नव्हते. माझं नाव आलं की अस्मिता मागून ओरडायची, "हाय सर, हाय! तोंड नसलं तरी पोरगी हाय!" पटांगणात पहिल्या दिवशी मी पुठ्ठा घालून भिंतीला चिकटले होते, तर तिनं मनगट धरून मला ओढत आणलं. म्हणाली, "तू न्हाय आलीस तर माझ्या शब्दाला काय अर्थ? मला सगळंच येतंय असं वाटंल की लोकांना." त्यानंतर मी जी बोलायला लागले ती थांबलेच नाही. यंदा चौदा एप्रिलला विहारासमोर माईकवर बोलले. आई रडली, पप्पांनी मोबाईलवर काढून अख्ख्या दवाखान्यात दाखवलं (ते उमरग्याला कंपाउंडर आहेत). हे बढाई म्हणून लिहीत नाही. माझी वाचा कुणी उघडली हे कागदोपत्री यावं, एवढाच हेतू आहे.

३. यंदा नववीला सेमीची 'अ' तुकडी सुरू झाली व तुकडी ठरवण्यासाठी तोंडी परीक्षा घेण्यात आली. परीक्षक बाहेरून आले होते. त्या दिवशी चंद्रप्रभा मॅडम प्रशिक्षणासाठी धाराशिवला होत्या. आपल्या शाळेत हजेरी नावाच्या अक्षरावरून लागते, त्यामुळे पहिलं नाव अस्मिताचं.

परीक्षक सरांनी फळ्यावर 'मला पोहता येतं' हे वाक्य इंग्रजीत लिहिलं आणि अस्मिताला त्याचा नकार करायला सांगितला. ती गेली. तिनं पुढचा शब्द पुसला, 'कॅन'च्या पुढं जागा केली, आणि खडू घेऊन हात पुढं केला. माझ्याकडं बघत.

मी उठले. सर म्हणाले, "ए, बस खाली. तुझं नाव घेतलंय का मी?"

मी बसले. महोदय, आपण असता तर आपणही बसला असता. सरांचा आवाजच तसा होता.

अस्मिताचा हात मात्र तसाच राहिला. ती कशाला थांबली आहे हे आमच्या जुन्या वर्गातल्या प्रत्येकाला कळत होतं. एकट्या सरांना कळत नव्हतं, आणि सांगायला कुणी तोंड उघडलं नाही. मग सर म्हणाले, "काय गं, भीक मागतीस का?" दुसऱ्या शाळेतून यंदा आलेली मुलं हसली. अस्मितानं खडू टेबलावर ठेवला आणि जागेवर येऊन बसली. माझ्याकडं पाहिलं नाही.

यादीत तिच्या नावापुढं 'प्रतिसाद नाही' असा शेरा आहे. महोदय, अख्ख्या वर्गात प्रतिसाद फक्त तिनंच दिला होता. आला नाही तो आमचा.

तिच्यानंतर ज्याचं ज्याचं नाव आलं तो शहाणा झालेला होता. इथं खडू कुणाला द्यायचा नसतो, वाक्य एकट्यानंच संपवायचं असतं, हे तिच्यावरून आम्हाला समजलं. शौनकनं संपवलं, वृषालीनं संपवलं, मीही सगळं वाक्य टकाटक लिहून टाकलं. सर "गुड" म्हणाले. तिच्या आधी कुणीच नव्हतं, मग तिनं कुणावरून शिकायचं?

४. 'ब' तुकडीला चंद्रप्रभा मॅडम नाहीत. अस्मिता सुरुवातीला आली, मग येईनाशी झाली. मी तिच्या घरी गेले. घर म्हणजे हायवेला माणिकप्पाकाकांचं पंक्चरचं दुकान आणि त्याच्या मागं दोन खोल्या. काका पाण्याच्या टपात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "चैताली, तुमच्या सरांनी माझ्या लेकराला सगळ्यांपुढं भिकारी म्हणलं. मी दिवसभर रस्त्यावर बसतो, पण हात पसरलेला न्हाय कुणापुढं. आता न्हाय पाठवत. बसवकल्याणला मावशीकडं जाईल, शिवण शिकंल. दाखला तेवढा काढायचा राहिलाय."

मी म्हटलं, "काका, तसं नव्हतं ते. ती मला खडू देत होती." काका म्हणाले, "मग तू का न्हाय घेतलास?"

माईकवर बोलणारी मी, आणि टपाशेजारी उभी राहून नुसतं पाणी बघत होते.

अस्मिता आतल्या खोलीत होती. मी हाक मारली तर आतूनच म्हणाली, "चैते, जा तू. तुझा तास बुडंल." ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते, मला आता भांडता येतं. ती खरंच काळजीनं म्हणाली, महोदय. माझा तास बुडेल म्हणून.

५. यापूर्वी मी कार्यालयात तोंडी विनंती केली असता "फेरपरीक्षा नियमात बसत नाही" असं सांगण्यात आलं. लेखी द्या म्हणाले, म्हणून लेखी देत आहे. चंद्रप्रभा मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे गं. तुम्हाला एकट्यानं लिहायलाही शिकवायला हवं होतं." कृपया मॅडमना दोष देऊ नये. त्यांनी शिकवलेलं चुकीचं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

तरी पुढील विनंत्या करते :

(क) अस्मिताची तोंडी परीक्षा पुन्हा घ्यावी. मी तिच्या शेजारी उभी राहीन, एक शब्द बोलणार नाही. तेही चालत नसेल तर दाराबाहेर उभी राहीन, तिला दिसेन एवढीच.

(ख) फेरपरीक्षा शक्य नसेल तर तिचा शेरा तरी बदलावा. 'प्रतिसाद नाही' ऐवजी 'वाट पाहत होती' असं लिहावं. रकान्यात मावेल, मी पट्टीनं मोजलं आहे.

(ग) शेराही बदलता येत नसेल तर माझ्या नावापुढंही 'प्रतिसाद नाही' लिहावं. माझं नाव न घेता मला बोलावलं गेलं होतं आणि मी गेले नाही. माझे गुण त्या हिशोबाने कमी करून मला 'ब' तुकडीत टाकावं.

(घ) वरीलपैकी काहीच नियमात बसत नसेल तर आपण स्वतः एकदा माणिकप्पाकाकांच्या दुकानावर यावं. गाडी पंक्चर नसली तरी यावं. आणि त्यांना एवढंच सांगावं की त्यांच्या मुलीनं हात पसरला नव्हता. हे काम कोणत्या नियमाखाली येतं हे मला माहीत नाही. पण माझं ते ऐकत नाहीत, मी लहान आहे. आपलं ऐकतील.

६. रविवारी सकाळच्या गाडीनं ती बसवकल्याणला जाणार आहे. दाखल्यावर आपली सही लागते. ती सही करण्यापूर्वी हा अर्ज एकदा परत वाचावा. मोठ्या माणसांना सांगायची ही रीत नव्हे, हे मला कळतं. पण घाई आहे.

आपल्या निर्णयाकडं डोळे लावून बसलेली आपली विद्यार्थिनी,

चैताली बुद्धघोष सोनकांबळे
बोरकुंडी, दि. ११ जुलै २०२५

सोबत :
१) सूचना फलकावरील यादीचा मोबाईलवर काढलेला फोटो, छापून.
२) आठवीच्या जुन्या वर्गातील मुलामुलींच्या सह्या. (नको नको म्हणणाऱ्या वृषालीची सही सगळ्यांत मोठी आहे.)

पालकांचे मत व सही : (तुकडी बदलाच्या अर्जास पालकांची सही आवश्यक)

आई, पप्पा, सही करायच्या आधी हे वाचा. तोंडानं सांगायला गेले तर आई मधेच बोलेल आणि मी रडेन, म्हणून इथंच लिहिते. सेमीसाठी तुम्ही किती धडपडलात मला माहीत आहे. पप्पा, तुम्ही दवाखान्यात पेढे वाटलेत तेही माहीत आहे. पण माझं ठरलं आहे. साहेबांनी अर्ज मंजूर केला तरी आणि फेटाळला तरी, सोमवारपासून मी 'ब' तुकडीत बसणार. अस्मिता थांबली तर तिच्याजवळ बसेन. गेली तर तिच्या रिकाम्या जागेशेजारी बसेन. आता मला पुन्हा कुणी "बस खाली" म्हणालं, तर मी बसणार नाही.