तेरा ऑगस्ट की एक सप्टेंबर

२० जुलै
मंदारचा फोन. कॅनडातल्या कामाच्या परमिटची मुदत संपली, नव्या अर्जाचा निकाल यायचाय. तोवर तिथे काम करता येतं, पण देश सोडला तर परत जाऊन कामावर रुजू होता येणार नाही. तरी म्हणतो, "बाबा, आईच्या वर्षश्राद्धाला मी येणार म्हणजे येणार." मी म्हणालो, "बघू." सुनंदा असती तर अर्धा तास बोलली असती.

२३ जुलै
अर्ज लवकर निकाली काढा अशी विनंती करता येते म्हणे. कारण आणि पुरावा हवा. मृत्यूचा दाखला पाठवला. सोबत माझं इंग्रजी पत्र: पत्नीचा पहिला स्मृतिदिन १ सप्टेंबर, मुलगा एकुलता एक, हजर असणे आवश्यक. तहसीलला तीस वर्षं टिपणं लिहिली, त्यामुळे तासाभरात झालं. जावक क्रमांक घालायचा मोह आवरला.

३ ऑगस्ट
तिकडून विचारणा. दाखल्यावर मृत्यू १३ ऑगस्ट, पत्रात स्मृतिदिन १ सप्टेंबर. तफावतीचा खुलासा करावा.
डोक्याला हात लावला. सुनंदा गेली श्रावण वद्य पंचमीला. यंदा ज्येष्ठ अधिक, म्हणून तिथी एकोणीस दिवस पुढे गेली. लिहिताना खटकलंसुद्धा नाही. दुसऱ्या कोणाच्या अर्जात हे दिसलं असतं तर मीही परत पाठवला असता.

४ ऑगस्ट
मेहुणी शालन सावर्ड्याहून आली. तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, गोड धोंडस आणलं. तिला घोळ सांगितला.
"भावोजी, ताई कधी वेळेवर निघाली होती का? एसटी सुटायला लागली की ही पदर खोचून धावणार. आतासुद्धा पोरासाठी एकोणीस दिवस थांबलेय बघा."
हसू आलं. चांगलं मोठ्याने. शालन आधी बघत राहिली, मग तीही. वर्षभरात पहिल्यांदाच असेल.

६ ऑगस्ट
खुलाशाच्या पत्रासाठी गुरुजींकडे. एकदम खूश. "अहो, साहेबाला अधिकमास माझ्याकडून कळणार!" चंद्र, सूर्य, सगळं मिळून पावणेदोन पानं सांगितली. मी इंग्रजीत सात ओळी केल्या.
"एवढंच?"
"साहेबापुढे ढीग असतो, गुरुजी. सात ओळी वाचेल."
हिरमुसले. सहीखाली 'शुभं भवतु' मात्र स्वतःच्या हाताने लिहिलं. दोन्ही वर्षांच्या पंचांगांची पानं जोडली, पंचमीभोवती लाल गोल. मंदारकडे रवाना.

१३ ऑगस्ट
दाखल्यावरची तारीख. आज काही करायचं नव्हतं. सवयीने दोन कप चहा टाकला. दोन्ही प्यालो.

१९ ऑगस्ट
खुलासा मान्य! अर्ज लवकरच्या यादीत घेतलाय. निकाल कधी, ते नाही सांगितलं. मंदारने २९ चं तिकीट काढलंय, रद्द करता येणारं.
गुरुजी विचारतात, संकल्प कोण सोडणार, तुम्ही की मुलगा? म्हटलं, पाट दोन मांडा.
"अहो, बसणार एकच."
"हो. दुसरा बघत बसेल."
शालनला फोनवर सांगितलं. म्हणाली, ताईची एसटी आता स्टँडवर लागली म्हणायची.

२६ ऑगस्ट
अजून काही नाही. मंदार दर तासाला बघतो म्हणे. त्याला म्हटलं, तिकडे कामही करत जा.
शालन राहायला आलीय. खीर किती जणांची, विचारते. म्हटलं, एक वाटी जास्त धर.
गेल्या वर्षी बाराव्याला मंदार नेसला होता ते धोतर पेटीतून काढलं. धुवायला बसलो तर शालन दारात.
"तो येणार की नाही ते अजून नक्की नाही, आणि तुम्ही धुताय कसले?"
"या पावसात वाळायला तीन दिवस लागतात. परमिट आल्यावर धुऊन कसं चालेल?"
शालन दुसरं टोक धरून पिळायला लागली.
पडवीत दोरीवर घातलंय. संध्याकाळी दोनदा चाचपून बघितलं. अजून ओलं आहे.