बाईंचा पियानो, बाची पावरी

सोमवार, २४ नोव्हेंबर
आज पियानो ऐकला! इंदिरानगरला सुधाबाईंच्या हॉलला रंगाचा पहिला हात मारत होतो. पियानोवर प्लास्टिक टाकायला गेलो, तर बाई म्हणल्या, "थांब रे भारत, जरा वाजवून घेते, मग झाक." मी परत शिडीवर. ब्रश हातात सुकला. डोळ्यातनं पाणी. आमचा ठेकेदार संतोषशेठ खालून म्हणतो, "पुट्टी गेली का रे डोळ्यात?" हो म्हणलं. पुट्टी तर परवाच संपली.

मंगळवार
भिंत ओली हाय म्हणून शेठला थाप मारली. दुसरा हात लांबला. परत ऐकलं. लय भारी.

बुधवार
सुरगाण्याहून बाचा फोन. "पौर्णिमेला डोंगऱ्यादेवाचा सण. माझ्या छातीत हवा ऱ्हायली नाय. पावरी तू फुंक, नायतर यंदा गावात नाच नाय."
नाय म्हणलं. ती भोपळ्याची पावरी — नाकानं हवा घेत फुंकत ऱ्हायचं, सूर तुटू द्यायचा नाय. एकदा माझा तुटला. नाचणारे जागेवर थांबले. सगळे हसले, "गोटीरामचं पोरगं म्हंजे पंक्चर ट्यूब!" तेव्हापासून हात लावला नाय.
पण नाच नाय म्हंजे काय? जेवण गेलं नाय.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
बाई वाजवता वाजवता थांबतात! आज नीट बघितलं. हात वर, खोली गप — आणि गाणं चालूच! विचारलं, पुढचं विसरलात का? हसल्या. "नाही रे. तिथं थांबायचंच असतं. ते पण वाजवण्यातलंच."
बाईंना विचारून बाला फोन लावला, पियानोजवळ धरला. त्या थांबल्या तसा बा म्हणला, "तुटला बघ बाईचा दम."
"तुटला नाय बा. थांबल्यात. ऐक पुढं."
पुढचं वाजलं. बानं शेवटपर्यंत ऐकलं. फोन ठेवला.

रविवार, ३० नोव्हेंबर
सकाळी बाचा फोन. हॅलो नाय, काय नाय — पावरी! मधी सूर गेला. खोकला ऐकू आला. मी फोन कानाला दाबून उभा. मग परत पावरी. तिथूनच पुढं.
दुसरा हात शेठ मारल. मी सुरगाण्याच्या जीपमधी. बा जिथं थांबल, तिथून मी.